खाज माही अन् मत गावाचं

...नाई, मले एक सांगा, माणसाच्या मनगटावर चट्टा दिसला तं त्याले रामराम कराचा का खिशातला बॉलपेन काढाचा? रामराम कराचा ना? मंग! पण आमच्या वर्धेत पेन निंगते बाप्पा, पेन! दुकानात गिऱ्हाईक येते, म्हणते पँटचा कपडा दाखवा, मी थान उचलतो, झटक्यात उलगडतो, त्या झटक्यात बाही जराशी वर सरकते, अन् गिऱ्हाईक कपडा सोडून माह्या हाताकडेच पाहाले लागते. मंग तोंड जवळ आणते अन् हळूच म्हणते, "भाऊ, डोळे मिटा बरं." काऊन? "मिटा तं!" मिटले. "आता सांगा, कुठी टोचलं?" अरे, टोचलं तं समजते ना मले! मनगटावर टोचलं, चट्ट्याच्या मधातच टोचलं, अन् तुह्या पेनाची शाई लागली तेही समजलं! मले सारं समजते. फक्त एकच गोष्ट समजत नाई... खाज माही अन् मत गावाचं, हे असं काऊन?

मी हेमराज. बोरगाव मेघेत घर, वर्धेच्या बाजारात कपड्याचं दुकान, घरात बायको नलू, पोरगा धीरज, पोरगी आचल, अन् अंगावर मोजता येत नाई एवढ्या गंज वर्षांपासून सोरायसिस. कोपरावर, गुडघ्यावर, अन् सगळ्यात जास्त हातावर. लाल चट्टा, वर पांढरे पापुद्रे. आता तुमीच विचार करा, धंदा कपड्याचा! काळ्या सूटिंगचं थान मांडलं की त्यावर माह्या हाताचा पांढरा कोंडा पडे. मी फुंकर मारो, गिऱ्हाईक मांग सरके. मी म्हणो, "कापसाचा तंतू असन," अन् कपडा असे पॉलिस्टरचा!

तुमाले सांगतो, यात लोकाईची चूक नाई. आमच्या जिल्ह्यात कुष्ठरोगाचं काम एवढं जुनं अन् एवढं पक्कं, की शाळेतल्या पोट्ट्याले पाढे नाई आले तरी चालन, पण 'चट्टा असन अन् त्यावर टोचलेलं समजत नसन तं घाबरू नका, गोळ्या फुकट भेटतात, रोग बरा होते' हे त्याले तोंडपाठ. भिंतीवर लिवलेलं, जीपच्या भोंग्यातून सांगतलेलं, नव्वदच्या पुढं तं घरोघरी तपासाले याचे. दुसऱ्या जिल्ह्यात माहे हात पाहून लोक पळाले असते. इथी पळत नाई. इथी जवळ येतात! मदत करतात! अन् त्या मदतीनंच जीव घेतात! मी म्हणतो, दादा, हा तो नाई, हा सोरायसिस होय, याचं त्याचं नातंगोतं काईच नाई, हा लागत नाई, पसरत नाई, फक्त खाजवते. तं समोरचा माह्या खांद्यावर हात ठेवते अन् म्हणते, "लाजू नका भाऊ. आता त्यात लाजण्यासारखं काई राह्यलं नाई."

बाजूच्या घरी प्रेमदास राह्यते. कुष्ठरोगाच्याच खात्यात उभी नोकरी केली त्यानं, सायकलवर गावोगाव फिरून चट्टे तपासले. पहिल्या वर्षी त्यानंच मले तपासलं होतं. कापूस लावून पाह्यला, पीस फिरवलं, टाचणी टोचली, अन् मंग असा काई चेहरा उतरला त्याचा, "हेमराजभाऊ, हे आपल्या खात्याचं नाई." तुमाले सांगतो, त्याले दुःख झालं हो! शेजारी असून आपण उपयोगी पडलो नाई, हे दुःख! अन् तरी दर सणाले, फराळ झाल्यावर पुन्हा टाचणी. "एकदा पाहून घेतो, न जाणो..." मी म्हणतो, अरे प्रेमदास, तू माह्यासाठी एवढी आशा नको ठेवू!

पण पेन गेलं चुलीत, टाचणी गेली चुलीत. खरी गोष्ट वेगळीच हाये. खरी गोष्ट पंगतीची हाये.

पंगतीत वाढाचं म्हणजे काय असते, हे तुमच्यातल्या किती जणाईले माहीत हाये? नाई, हात वर करू नका, मीच सांगतो. आमच्या समाजाच्या लग्नात वाढपी भाड्यानं आणत नसत. घरची अन् नात्यातली माणसं पँटी वर खोचत, बाह्या सरकवत, अन् अनवाणी पंगतीत उतरत. अन् त्यात हेमराज म्हणजे... आता आपल्याच तोंडानं काय सांगू, पण सांगतोच! भाताची परात कमरेवर, वरणाची बादली दुसऱ्या हातात, वांग्याच्या भाजीले रस्सा किती अन् फोड किती हे पत्रावळ पाहून ठरवाचं. अन् बुंदी हातानं! मूठ भरून, नरम हातानं, पत्रावळीच्या बरोबर कोपऱ्यात. कोणी "नको नको" म्हणत पत्रावळीवर दोन्ही हात आडवे टाके, तं मी त्याच्या बोटाईच्या फटीतून बुंदी पोचवत होतो! समुद्रपुरापासून हिंगणघाटापर्यंत लोक म्हणत, हेमराज वाढाले असला तं उपाशी उठाची सोय नाई.

अन् एका लग्नात तानबाजीनं... तानबाजी म्हणजे आमच्या समाजाचे बुढे, पंगत कोणाची कुठी बसाची हे तेच ठरवत... तानबाजीनं माह्या हातातलं बुंदीचं ताट घेतलं. वाईट नाई बोलले हो, एक शब्द वाईट नाई. "हेमराज, थकला असशीन बाप्पा, तू बस." मी कुठी थकलतो? पंगत आताच तं बसलती! पण मी त्याईच्या नजरेकडे पाह्यलं, त्याईची नजर माह्या हातावर, अन् मी बसलो. तवापासून प्रत्येक लग्नात मी पाव्हणा. "हेमराजभाऊ, इकडं खुर्चीवर बसा, पंख्याखाली बसा, पान घ्या." आपल्याच लोकाईत पाव्हणा! लागलं मले. खोटं काऊन बोलू, भल्लं लागलं. घरी येऊन नलूले म्हटलं, पाय दुखून राह्यले, अन् भिंतीकडे तोंड करून झोपलो.

दोन हजार सातच्या दिवाळीत आचलचं लग्न जमलं. आता आमच्यात कशी पद्धत हाये, पंगतीत व्याह्याच्या पत्रावळीवर पहिली बुंदी पोरीच्या बापानं आपल्या हातानं वाढाची. चमचा नाई, डाव नाई, हात! तेवढं झालं की मंग बाकीचे सुरू. म्हणजे मले पंगतीत उतरणं भागच होतं! व्याही भला माणूस, पण बाजूले तानबाजी बसणार, अन् तानबाजीच्या बाजूले सारा समाज. मी माहे हात पाह्यले. थंडी लागली होती, थंडीत तं हा रोग असा फुलते, बोटाईच्या मधात चिरा, मुठी बंद होईनात. मी ठरवलं. आपलं असं हाये, ठरवाले वेळ लागते, पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. या हातानं पहिली बुंदी वाढीन, तवाच पोरीचा बाप म्हणीन सोताले.

गेलो मोठ्या दवाखान्यात, चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे. भली बाई, पोरीच्या वयाची, मले काका म्हणते. तोपर्यंत सारं करून झालतं, डांबराचं मलम लावलं तं चादरी काळ्या झाल्या, मशीनच्या उजेडात उभा राह्यलो तं मीच काळा झालो, आठवड्याच्या गोळ्या घेतल्या तं पोट बिघडलं अन् रक्ताच्या तपासणीत यकृतानं तक्रार केली. बाईनं सारे कागद पाह्यले अन् म्हणाली, "काका, आता एक नवीन प्रकारची इंजेक्शनं आलीत. बायोलॉजिक म्हणतात. तुमच्या शरीराची जी संरक्षणाची यंत्रणा आहे ना, ती चुकून तुमच्याच कातडीवर हल्ला करतेय. हे औषध तिला शांत बसवतं."

म्हणजे पाहा, माह्या घरचा चौकीदार मलेच चोर समजून काठ्या मारून राह्यला! मी म्हटलं, बाई, मी कपड्याचा माणूस, कपड्यासारखं विचारतो. आटन का? "म्हणजे?" म्हणजे एकदा साफ झालं की कायमचं साफ का? बाई हसली. "नाही काका. हा आजार मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. औषध थांबवलं तर परत येऊ शकतो." बरं. रंग सोडते का? म्हणजे दुसरं काई बिघडवते का? "संरक्षण शांत केलं की इतर रोग घुसायची भीती असते. विशेषतः अंगात टीबी लपलेला असेल तर तो उठतो. म्हणून आधी छातीचा फोटो, हातावर टीबीची चाचणी, रक्त. मग ठरवू. ताप आला, खोकला राहिला, तर अंगावर काढायचं नाही, थेट माझ्याकडे." अन् पसंत नाई पडलं तं वापस घेता का? "इंजेक्शन वापस नाही घेत, काका, पण तुम्ही थांबू शकता."

मले बाई आवडली. खरं सांगते तेच खरं दुकान. जे दुकानदार म्हणते 'आटत नाई, रंग जात नाई, पिढ्यान्‌पिढ्या टिकन', त्याच्याकडून मी सोता कधी माल घेत नाई. पण बाईनं शेवटी एक चूक केली. म्हणाली, "महाग आहे, आणि मोठा निर्णय आहे. घरच्यांशी बोलून सांगा."

घरच्यांशी! बोरगावात घरचे म्हणजे कोण, हे त्या बाईले कोणी सांगतलं नव्हतं. मी नलूशी बोललो. पैशाचं माहं अन् नलूचं तिथंच ठरलं, एका संध्याकाळात, तो विषय संपला. पण नलू भाजी घ्याले गेली, भाजीवालीशी बोलली, देवकाबाई भाजी निवडून राह्यल्या होत्या, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या अंगणात ग्रामसभा!

देवकाबाई समोरच्या घरच्या, वयानं मोठ्या, तोंडानं त्याहून मोठ्या. "हेमराज, इंजेक्शनची सवय लागते बरं! माह्या भावाले लागली होती." तुमच्या भावाले काय झालं होतं? "कुत्रं चावलं होतं." घ्या! समुद्रपूरहून माहा साळा नत्थूजी आला, यष्टीतून उतरला तं बगलेत करंजाच्या तेलाचा डबा. "भाऊजी, हे लावा अन् उन्हात बसा. इंजेक्शन-फिंजेक्शन शहरी लोकाईचे चोचले." नत्थूजी, हे तेल तुमी वावरात कायले वापरता? "बैलाच्या खांद्याले." हो का? बैलाचं बरं झालं? "बैल विकला." मंग धीरज. माहा पोरगा शिकलेला, बाजारातल्या सायबर कॅफेतून कागदाचा गठ्ठा छापून आणला. "बाबा, यात साइड इफेक्ट लिवले हायेत." मी म्हटलं, लेका, डोकं दुखाच्या गोळीसोबतचा कागद पुरा वाचला ना, तं डोकं थांबते अन् काळीजच धडधडाले लागते. बाईनं मले जे भ्याचं ते सांगतलं हाये, त्याले मी भेतो. बाकीच्याले तू भे.

आता तुमीच सांगा लोकहो, रात्रभर खाजवतो कोण? मी. सकाळी गादीवरचे पापुद्रे झटकते कोण? नलू. अन् मतदान कोणाचं? साऱ्या गल्लीचं! खाज माही अन् मत गावाचं!

एकटा प्रेमदास माह्याकडून उभा राह्यला. म्हणे, "भाऊ, डॉक्टर टीबी तपासून मंगच देऊन राह्यली ना? मंग घ्या तुमी. आमच्याही काळात नवीन गोळ्या आल्या तं लोक असेच म्हणत." पण पुढं हळूच, "टीबीच्या चाचणीचा फुगा मी पाहू का?" पाहा! माणूस निवृत्त होते, खातं नाई होत.

चाचणी झाली. हातावर इंजेक्शनचा बारीकसा फुगा, भोवती पेनानं गोल. बाईनं सांगतलं, खाजवायचं नाही, दाबायचं नाही, दोन-तीन दिवसांनी दाखवायचं. आता ज्या जिल्ह्यात बिनगोलाचा चट्टा लोक सोडत नाई, तठी मी गोल काढलेला हात घेऊन दुकानात बसलो! प्रत्येक गिऱ्हाईक! "हे काय?" "टीबी पाहून राह्यले." "अरे बाप रे, तोही?" देवकाबाईनं तं मी चहा घेत असताना अंगठ्यानं दाबूनच पाह्यला, "नरम हाये. टीबी नाई." झाली तपासणी! दवाखान्यात बाईनंही तेच सांगतलं, तवा देवकाबाई महिनाभर गल्लीत कंपाउंडरसारख्या चालल्या.

मंग इंजेक्शन आलं. आलं म्हणजे नागपूरहून बर्फात आलं. नियम एकच, फ्रिजमध्ये ठेवाचं. फार थंड नाई, गरम तं बिलकुलच नाई. फ्रिज आमच्याकडे हाये, पण फ्रिजले वीज लागते हे वीजवाल्याईले कोण सांगन? त्या वर्षी भारनियमन असं, की लाइट आली तं पोट्टे टाळ्या वाजवत. लोणच्याची बरणी अन् दुधाचं पातेलं बाजूले सारून मधात माहं इंजेक्शन, अन् लाइट गेली की नलू फ्रिजच्या दाराले पाठ लावून उभी, "कोणी उघडाचं नाई! पाणी माठातलं प्या!" आचल म्हणे, "बाबा, फ्रिज आता देवघरच झालं."

शेवटी प्रेमदासनं माळ्यावरून लशीचा डबा काढला. पल्स पोलिओवाले खांद्याले अडकवून फिरतात ना, तो बर्फाच्या पिशव्यांचा डबा. "जुना हाये भाऊ, पण थंडाई पकडते." मले काय भल्लं वाटलं! इंजेक्शन डब्यात, डबा खांद्याले, पट्टा आडवा, निंगालो दवाखान्यात. अन् गल्लीच्या कोपऱ्यावर गेलो नाई तं एक बाई घरातून पळत आली, काखेत लेकरू, लेकराचा जबडा दोन बोटाईत धरलेला, "पाजा, भाऊ, पाजा!" मी म्हटलं, बाई, हे पोलिओचं नाई. "काऊन नाई? मांगच्या रविवारी आमी गावाले गेलतो, राह्यलं हाये!" तिच्या मांगून दुसरी. दुसरीच्या मांगून देवकाबाई, नातवाले घेऊन! देवकाबाई, तुमाले तं माहीत हाये ना डब्यात काय हाये! "माहीत हाये, पण रांग लागली तं मी म्हटलं, असन काई." आधीच साऱ्या गावाचं मत, आता लेकराईचीही तोंडं माह्याकडे उघडी!

पुढं बाईनं सांगतलं, घरीच घ्या, सोपं आहे, शिकवते. नलू शिकली. सुई धराची अन् टोचाची सवय व्हाव म्हणून संत्र्यावर शिकली, साध्या पाण्यानं. तिचा हात बसेपर्यंत आमच्या घरी संत्री सोलली की धार उडे. नत्थूजीनं एक खाल्लं, म्हणे, "यंदा संत्र्यात रस गंज हाये." मी त्याले दुसरं सोलून देल्लं. माह्या पोटाची चिमट पकडून नलूनं पहिल्यांदा टोचलं तवा डोळे तिनं मिटले होते. मी म्हटलं, अवं, डोळे मी मिटाचे असतात, तुह्ये उघडे पाह्यजेत!

अन् मंग... लोकहो, हसणं जरा थांबवा, हे आयका.

एका सकाळी नलूनं गादीवरची चादर काढली, दारात नेली, झटकली. मी अंगणात दात घासून राह्यलो होतो. तिनं पुन्हा झटकली. मंग तिसऱ्यांदा. मंग चादर हातातच धरून उंबऱ्यावर बसली. मी म्हटलं, काय झालं वो? "काईच पडून नाई राह्यलं," नलू म्हणे. "आचलच्या जन्मापासून रोज झटकून राह्यली मी. आज काईच नाई पडलं." रडत होती. मी तोंडात ब्रश घेऊन तसाच उभा. मलेही रडू आलं, पण फेसामुळं दिसलं नाई.

फाल्गुनात हात असे झाले, की मी सोताच्या हाताले ओळखेना. चिरा भरल्या. चट्ट्याच्या जागी नुसती फिकट खूण. काळं सूटिंग मांडतो, कोंडा नाई! दुकानातून पेन गायब झाले, अन् प्रेमदासनं गुढीपाडव्याले टाचणी आणलीच नाई, नुसताच हात हातात घेऊन बसला, म्हणे, "मऊ लागते हो भाऊ." पण समाजातल्या कोणाले मी दाखवले नाई. गावोगावचे लोक, ते लग्नातच भेटतात. मी म्हटलं, पंगतीतच दाखवीन, बाही सरकवून, तानबाजीच्या समोर, बुंदीची मूठ भरून. घरी परातीत तांदूळ घेऊन मूठ सोडाचा सराव केला मी! नलू पाहे अन् मुकाट्यानं आत निंगून जाय. जेवणाचं सारं धीरजनं अंगावर घेतलं होतं. मी विचारलं, पत्रावळी आल्या का? "होईन बाबा." आचारी कोण? "पाहून घेतो बाबा, तुमी आराम करा." मी म्हटलं, पोरगा जबाबदार झाला!

वैशाखातलं लग्न. अक्षता पडल्या. मी कोट घातला होता, धीरजनं शिवून घेतलेला, पोरीचा बाप शोभला पाह्यजे म्हणून. मनात म्हटलं, पंगतीत उतराच्या वेळी काढू. गेलो जेवणाच्या जागी. पट्ट्या अंथरलेल्या नाई. पत्रावळी नाई. लांबलचक टेबलं, त्यावर चकचकीत झाकणाची भांडी, मांगं टाय लावलेले पोट्टे, अन् अर्धा समाज ताटं छातीशी धरून रांगेत उभा! म्हटलं, धीरज, पंगत कुठी हाये? धीरज माह्याकडे पाहेना. "बाबा, बफे हाये."

बफे! कोणी ठरवलं? कवा ठरवलं? नलूनं मले बाजूले नेलं, खुर्च्या रचल्या होत्या तठी. "दिवाळीतच ठरवलं होतं," म्हणे. "तवा तुमचे हात तसे होते. मले वाटे, पुन्हा कोणी ताट हातातून घेईन, अन् तेही आपल्याच पोरीच्या लग्नात. म्हटलं, पंगतच नको. कोणी वाढाचं नाई, कोणी अडवाचं नाई." मंग मी इंजेक्शन घेतलं तवा काऊन नाई सांगतलं? घरात तांदळाच्या मुठी सोडून राह्यलो होतो ना मी! तवा नलू म्हणाली, अन् हे मी मरेपर्यंत विसरणार नाई, "सांगतलं असतं तं तुमी घेतलं नसतं. तुमाले पंगत पाह्यजे होती. मले तुमचे हात पाह्यजे होते."

राग आला, अन् राग कोणावर काढाचा ते समजेना. खाज माही, अन् मत गावाचं, अन् शेवटी निकाल नलूचा!

पण मीही हेमराज! ठरवलं म्हणजे ठरवलं. बुंदी नाई तं काय झालं, गुलाबजाम तं हाये! व्याह्याच्या ताटात पहिला गुलाबजाम माह्याच हातानं पडन, मंग टेबल असो का पंगत. गेलो टेबलाच्या मांगं. गुलाबजामवाल्या पोट्ट्याले म्हटलं, सरक. त्याचा मालक धावत आला, नागपूरचा, कानाले फोन लावलेला. "अंकल, ऐसे नहीं चलेगा. इधर खडे रहना है तो ग्लोव्ज पहनो. हायजीन का मामला है." मी म्हटलं, भाऊ, मी पोरीचा बाप! "बाप भी पहनेंगे, अंकल. सिस्टम है." अन् कोट काढू का बाही सरकवू हे ठरवेपर्यंत त्यानं माह्या दोन्ही हातात पांढरे हातमोजे चढवले, थेट मनगटाच्या वरपर्यंत, कोटाच्या बाहीत खोचून! अन् रांग आली. व्याही आले, ताट पुढं केलं, हसले, मी पहिला गुलाबजाम त्याईच्या ताटात ठेवला. झालं! पद्धत झाली, बापाच्या हातानं झाली. माहे डोळे भरून आले होते.

व्याह्याच्या मांगं तानबाजी. बुढे थकले आता, एका हातात काठी, एका हातात ताट. मले पाह्यलं. माह्या मोज्याईकडे पाह्यलं. भल्ला वेळ पाह्यलं. मंग असा काई मायेनं चेहरा केला, काठी बगलेत धरली, माह्या मोज्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "बरं केलं बाप्पा हेमराज, झाकून आलास. पोरीसाठी बापाले सारं कराव लागते. भेशील नको, त्याच्या गोळ्या आता फुकट भेटतात."

मांगं दोनशे माणसं ताटं घेऊन उभी. मालकाचे डोळे माह्या हातावर. नलू समोरून माह्याकडे पाहून राह्यलेली.

मी म्हटलं, "हो ना, तानबाजी... घ्या, अजून एक घ्या."